तेवीस किलोंचा संसार

मार्च संपत आला होता. वर्ध्यात दुपारी बाहेर पाऊल टाकवत नव्हते आणि आमच्या बैठकीच्या खोलीत, पंख्याखाली, दोन मोठ्या बॅगा जबडा वासून पडल्या होत्या. त्यांच्याभोवती स्वेटर, कानटोप्या, दोन किलो डिंक, खारका, बदाम, खसखशीचा पुडा, खोबऱ्याच्या वाट्या, घरच्या तुपाची बरणी, बाळंतशेपा, जवसाची चटणी आणि जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी अशी जत्रा भरली होती. या जत्रेच्या मधोमध मी एक लोखंडी हुकाचा काटा घेऊन उभा होतो. कोपऱ्यावरच्या कबाडीवाल्याकडून तो दोन दिवसांसाठी मागून आणला होता. ‘काय मोजता, साहेब?’ असे त्याने विचारले, तेव्हा मी म्हणालो, ‘संसार!’

तिकिटावर हिशेब स्पष्ट होता. माणशी एक बॅग तेवीस किलोंची आणि हातात सात किलो. दोघांचे मिळून साठ. पहिल्या मोजणीत आमची जत्रा भरली एक्याण्णव किलो. छत्तीस वर्षे बँकेत ताळेबंद जुळवलेला माणूस मी. पण जमा आणि खर्चात इतकी तफावत नोकरीत कधी पाहिली नव्हती.

ही २०२४ सालची गोष्ट. आमची लेक आणि जावई जर्मनीत, स्टुटगार्टला राहतात. एप्रिलच्या अखेरीस तिचे बाळंतपण होते. ‘येताच आहात, तर आधी आठ दिवस थोडे फिरून घ्या, मग काय तुम्हाला बाळ सोडणार नाही,’ असे म्हणून जावयाने परस्पर बेत आखला. मुंबईहून दुबई, तिथे विमान बदलून पॅरिस, मग रेल्वेने स्वित्झर्लंडला माँत्रो आणि शेवटी स्टुटगार्ट. म्हणजे चार देश, दोन चलने आणि प्रत्येक ठिकाणी सामान चढवायला-उतरवायला आम्ही दोन साठी उलटलेली माणसे. लेकीने फोनवर बजावले होते, ‘आई, काही काही आणू नको. इथे सगळं मिळतं. फक्त गोरसपाक आण.’

वर्ध्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, गोरसपाक म्हणजे आमच्या गावच्या गोरस भांडाराची तुपातली बिस्किटे. वर्ध्याचे पोर जगात कुठेही गेले, तरी त्याच्या जिभेवर त्यांची चव असते. पण लेकीच्या त्या वाक्यातले ‘फक्त’ माझ्या पत्नीला लागले. ‘मी काय बिस्किटं पोचवायला चालले का?’ असे म्हणून ती दुसऱ्याच दिवशी बाजारात गेली आणि दोन किलो डिंक घेऊन आली. शेजारच्या ऐंशी वर्षांच्या आजींनीही तिचीच बाजू घेतली. ‘पोरीच्या बाळंतपणाले रिकाम्या हातानं जाता काय जी?’ यावर कोण काय बोलणार!

या डिंकामागे आणखी एक गोष्ट होती आणि ती आमच्या घरात कुणी उघडपणे बोलत नव्हते. आदल्या वर्षी अशीच आनंदाची बातमी आली होती. चौथ्या महिन्यात ती विरून गेली. लेक फोनवर काही बोलली नाही, नुसती रडत राहिली. ‘आपण उद्या निघू,’ असे ही म्हणाली. मी कपाट उघडून पासपोर्ट काढले, तर दोघांचीही मुदत पाच महिन्यांपूर्वीच संपलेली. नोकरीत असताना लोकांना मी ठेवींच्या तारखांची आठवण करून देत असे. आणि स्वतःच्या घरातली ही एक तारीख माझ्या ध्यानातून सुटली. नवे पासपोर्ट, मग व्हिसा, मग विमा, असे करता करता तीन महिने गेले आणि मग लेकच म्हणाली, ‘आता नका येऊ, मी कामावर जायला लागले.’ हिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते. यंदा ती भरत होती ती नुसती बॅग नव्हती, गेल्या वर्षी न गेल्याची भरपाई होती. असले ओझे तोलणारा काटा कोणत्या कबाडीवाल्याकडे मिळणार?

परदेशी जाणाऱ्यांच्या बॅगांशी माझा संबंध तसा जुना. १९८० च्या दशकात नागपूरच्या एका शाखेत मी परकीय चलनाच्या टेबलावर होतो. परदेशी जाणे तेव्हा गावभर गाजत असे. पासपोर्टच्या मागच्या पानांवर चलनाची नोंद करून आम्ही शिक्का मारत असू आणि मोजके डॉलर व प्रवासी धनादेश हाती ठेवत असू. त्याही आधी, साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी निघालेल्या कित्येकांच्या खिशात अवघे आठ डॉलर असत. खिसा असा हलका, म्हणून बॅगा जड. प्रेशर कुकर, पोळपाट, वर्षभराचे तिखट-हळद, साबणाच्या वड्यासुद्धा लोक नेत. तिथे विकत घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांचे ते करणे शहाणपणाचेच होते. २००४ साली रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला पंचवीस हजार डॉलर बाहेर नेण्याची मोकळीक दिली आणि आज ही मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. खिसा मोकळा झाला, पण आमची बॅग भरण्याची रीत अजून आठ डॉलरांच्या काळातलीच राहिली.

त्याच आठवड्यात एका पाहुण्यांना सेवाग्राम दाखवायला गेलो होतो. वर्ध्याच्या माणसाचे हे ठरलेले काम. बापू कुटीत शिरलो की डोळे आपोआप त्या माणसाच्या वस्तूंकडे जातात. बसायची चटई, टेकायची पाटी, चरखा, तीन माकडांची छोटी मूर्ती. १९३६ साली गांधीजी तेव्हाच्या शेगावात राहायला आले आणि १९४६ साली इथून गेले ते परतले नाहीत. दहा वर्षे देशाचा कारभार ज्या खोलीतून हलला, तिथले सामान हाताच्या बोटांवर मोजावे एवढे. डोक्यात आमचे एक्याण्णव किलो घोळत असल्यामुळे मला त्या दिवशी १९३१ सालची गोष्ट आठवली.

त्या वर्षी गांधीजी गोलमेज परिषदेला निघाले. २९ ऑगस्टला ‘राजपुताना’ जहाजाने मुंबई सोडली. बरोबर महादेवभाई देसाई, प्यारेलाल, मीराबेन आणि देवदास. जहाज समुद्रात गेल्यावर गांधीजींचे लक्ष बरोबरच्या मंडळींच्या सामानाकडे गेले. पेट्यांवर पेट्या! त्यातले बरेचसे स्नेह्यांनी प्रेमाने दिलेले, ‘थंडी असते, असू द्या’ म्हणून बांधून दिलेले. गांधीजी संतापले. गरीब देशाचे प्रतिनिधी म्हणून आपण निघालो आहोत आणि सामान मात्र श्रीमंतांचे, हे त्यांना सहन होईना. प्रत्येकाची झडती झाली आणि जास्तीचे सामान एडन बंदरातून मुंबईला परत रवाना झाले. पुढे ११ सप्टेंबरला मार्सेय बंदरात जकात अधिकाऱ्याने काय काय आणले, असे विचारले, तेव्हा त्यांनी गंभीरपणे यादी सांगितली. सहा चरखे, तुरुंगातली ताटवाटी, शेळीच्या दुधाचा डबा, हातसुताचे सहा पंचे आणि टॉवेल. आणि शेवटी आपली कीर्ती, जिची किंमत फारशी नसावी!

ही गोष्ट घरी येऊन मी मोठ्या तोऱ्यात सांगितली. ही डिंक निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, ‘शेळीचं दूध नेलं होतं ना त्यांनी?’ 

‘हो.’ 

‘आणि चरखे सहा?’ 

‘सहा.’ 

‘मग? लागतं ते त्यांनीही नेलंच की!’

बँकेत असताना लेखापरीक्षकापुढेही मी इतका निरुत्तर झालो नव्हतो. पण त्या उत्तरातच मला एक किल्ली सापडली. गांधीजी रिकाम्या हाताने गेले नव्हते. जे रोज लागते ते त्यांनी नेले होते; परत पाठवले ते ‘कधीतरी लागेल’ म्हणून घेतलेले. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले तुकडोजी महाराज १९५५ साली जपानला गेले, तेव्हा त्यांची खंजिरी त्यांच्याबरोबर होती. त्यांच्या सामानात आणखी काय असेल ते असो, खंजिरीवाचून तुकडोजी महाराज ही कल्पनाच करवत नाही. तेव्हा पहिला नियम ठरला. रोज वापरता ते न्या. न वापरलेले नवे काही नको. या एका नियमाने जावयाने सुचवलेले नवे बूट, माझा न घातलेला कोट आणि हिच्या चार कोऱ्या साड्या बाहेर आल्या. काटा चौऱ्याहत्तरवर आला.

आता राहिला खाऊ. इथे मी पवनारची गोष्ट काढली. वर्ध्याहून आठ किलोमीटरवर धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम. १९५१ साली ते तिथून पायी निघाले आणि १९६४ साली परत आले. ही पदयात्रा चालू असताना सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण त्यांना भेटायला आले. अण्वस्त्रांचा निषेध केला म्हणून एकोणनव्वद वर्षांच्या बर्ट्रांड रसेलना अटक झाल्याचे वाचून या दोघांनी दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन गाठायचे ठरवले होते, तेही पायी. विनोबांनी आशीर्वाद दिला आणि वर एक अट सांगितली, बरोबर पैसे न्यायचे नाहीत. कारण पैसा असला की माणूस खाणावळीत जेवतो, लॉजमध्ये झोपतो आणि कुणाच्या घरी जात नाही.

१ जून १९६२ ला ते राजघाटावरून निघाले. पाकिस्तानच्या सरहद्दीवर त्यांना निरोप द्यायला आलेल्या एका मैत्रिणीने डोळ्यांत पाणी आणून खाण्याची पुडकी पुढे केली. निदान एवढे तरी न्या, तिकडे कोण देणार! ही पुडकी अन्नाची नाहीत, अविश्वासाची आहेत, अशा अर्थाचे सांगून त्यांनी ती नाकारली, असे सतीश कुमारांनी पुढे लिहिले आहे. सरहद्द ओलांडली, तर पलीकडे एक अनोळखी माणूस त्यांना घरी न्यायला वाट पाहत उभा होता. पुढे अफगाणिस्तान, इराण, रशिया, पोलंड, जर्मनी, बेल्जियम, फ्रान्स असे देश ते ओलांडत गेले. वाटेत जॉर्जियात चहाच्या कारखान्यातल्या बायकांनी त्यांना चहाची चार पुडकी दिली. तुमच्यासाठी नव्हे, चार राजधान्यांतल्या चार पुढाऱ्यांसाठी. बाँबचे बटण दाबावेसे वाटले, तर आधी हा चहा करून प्या म्हणावे! जानेवारी १९६४ मध्ये ते वॉशिंग्टनला पोचले, तेव्हा केनेडींची हत्या होऊन गेली होती. ज्यांना चहा द्यायचा, त्यांची समाधी पाहण्याची वेळ आली.

ही गोष्ट हिने डिंकाचा हात थांबवून ऐकली. शेवटी म्हणाली, ‘फार मोठी माणसं. पण अहो, ते स्वतःसाठी काही नेत नव्हते. मी तरी कुठे माझ्यासाठी नेते? आणि पोरीसाठी डिंक नेणं हा अविश्वास कसा होतो?’

मी बराच वेळ विचार केला. तिचे खरे होते. स्वतःच्या भीतीपोटी बांधलेली शिदोरी वेगळी आणि दुसऱ्याच्या हातावर ठेवायची वेगळी. जॉर्जियातल्या त्या बायकांनी दिलेली पुडकीही हजारो मैल वाहून नेलीच की त्या दोघांनी! तेव्हा दुसरा नियम झाला तो असा, की स्वतःसाठी कमी आणि देण्यासाठी थोडे.

पण प्रेमाला कायदा कळत नाही आणि कायद्याला प्रेम कळत नाही. लेकीने एका रात्री फोनवर यादी वाचायला लावली आणि एकेका वस्तूवर काट मारली. खसखस? दुबईवरून जायचे आहे, तिथे खसखस अफूच्या वर्गात मोडते, एक चमचाही नको. मिठाईवर भुरभुरलेलीही नको. खोबऱ्याच्या वाट्या? सुके खोबरे तेलकट, पेट घेणारे, म्हणून विमानात बंदी. पूजेच्या डबीतला कापूर, काडेपेटी, लायटर यांचेही तेच. तूप, खवा, पेढे? युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून दूध-दुभत्याचे पदार्थ आणि मांस आणता येत नाही. ताजी फळे, कढीपत्ता? वनस्पतींसाठी रोगमुक्तीचे प्रमाणपत्र लागते, तेव्हा तेही नको. गोरसपाक मात्र बिस्किटात मोडतो, तो चालेल. एकेक काट पडत होती आणि हिचा चेहरा उतरत होता. शेवटी ती म्हणाली, ‘म्हणजे लाडवातला एकूणएक जिन्नस गेला. उरलं काय?’

फोनवर क्षणभर शांतता. मग लेक म्हणाली, ‘तू उरलीस ना, आई. तू ये. गेल्या वर्षी मला डिंक नको होता.’

त्यानंतर कुणी काही वजन केले नाही. ही उठून आत गेली, थोड्या वेळाने बाहेर आली आणि तुपाची बरणी उचलून तिने शेजारच्या आजींकडे नेऊन दिली.

आम्ही अखेरीस काय नेले, ते सांगतो. निघणाऱ्या कुणाला उपयोगी पडेल. माणशी चार जोड कपडे, एकावर एक घालता येतील असे, पायांत रोजचेच बूट. तीन महिन्यांची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. आणि चिठ्ठीवर कंपनीचे नाव नव्हे, औषधाचे नाव, कारण परक्या गावच्या दुकानदाराला तेच कळते. हिचे इन्सुलिन हातातल्या पिशवीत, कारण सामानाच्या कोठीत ते गोठण्याचा धोका. मोबाइलची पॉवर बँकही हातातच. ती खाली टाकलेल्या बॅगेत चालत नाही. हातातल्या पिशवीत तेल-शाम्पूची बाटली शंभर मिलिलिटरहून मोठी नको. आपल्या मोबाइल चार्जरची बारीक गोल दोन काड्यांची पिन फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंड तिन्हीकडे बसते. तीन काड्यांची बसत नाही. फ्रान्स-जर्मनीत युरो आणि स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक, हे विसरू नये. तिन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. त्यासाठी किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्टची मुदत शिल्लक असावी लागते. हे शेवटचे वाक्य मी कुणालाही दोनदा सांगतो.

शिवाय अर्धा किलो डिंक, दुपटी, जवसाची चटणी आणि गोरसपाकची चार पाकिटे. हिची बॅग भरली एकोणीस किलो.

मुंबई विमानतळावर काट्यावर आधी हिची बॅग गेली, बिनबोभाट. मग माझी ठेवली. सव्वीस किलो चारशे! काउंटरवरच्या मुलीने विनयाने बाजूला घ्यायला सांगितले. सगळ्यांसमोर फरशीवर बॅग उघडावी लागली. आत काय होते? बँक अधिकाऱ्याची फाइल. पासबुकांच्या, पेन्शनच्या, घराच्या कागदांच्या तीन-तीन साक्षांकित प्रती, ठेवींच्या पावत्या, १९८२ सालच्या नेमणूकपत्राचीही प्रत. व्हिसा हातात असताना हे कुणी मागणार नव्हते. आणि तळाशी माझ्याच कादंबरीच्या सहा प्रती. तिथल्या मराठी मंडळात कुणी विचारले तर असाव्यात, म्हणून. गेले आठ दिवस एडनची गोष्ट सांगणारा मी, आणि एडन आले ते माझ्याच वाट्याला. मुंबईच्या भाच्याला बोलावून फाइल आणि पाच प्रती परत पाठवल्या. ही काही बोलली नाही. फक्त म्हणाली, ‘चरखे तेवढे राहू द्या.’

पॅरिसच्या भुयारी रेल्वेत कित्येक स्थानकांवर सरकते जिने नाहीत, साध्याच पायऱ्या. तिथे मला दर पायरीला एकेक किलोचा अर्थ कळला. माँत्रोला पोचेपर्यंत माझ्या बॅगेचे एक चाक निखळले होते. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठाने थोडे पुढे व्हिलनव्ह या गावी गेलो. लंडनहून परतताना डिसेंबर १९३१ मध्ये गांधीजी तिथे रोमाँ रोलाँकडे राहिले होते. एप्रिलमध्येसुद्धा तळ्यावरून येणारा वारा कानात शिरत होता. मी स्वेटरवर जाकीट घातले होते. भर डिसेंबरात शाल आणि चपला घालून या रस्त्यावरून चाललेला माणूस डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला आणि कानटोपी आणखी खाली ओढली. प्रत्येकाला आपापली थंडी असते. त्यांची नक्कल करण्यात अर्थ नव्हता. पण आमच्या हातात ओढायला दोन बॅगा नसत्या, एकच असती, तर त्या संध्याकाळी आम्ही तळ्याकाठी आणखी बराच वेळ थांबलो असतो, एवढे मात्र वाटले.

स्टुटगार्टला चौथ्या दिवशी लेक आम्हाला दुकानात घेऊन गेली. तिथे हिची मुद्रा पाहण्यासारखी होती. बदाम, खजूर होतेच. खवलेले सुके खोबरे पाकिटात मिळत होते. एका डब्यावर ‘बुटरश्माल्त्स’ असे लिहिलेले. घरी येऊन झाकण उघडताच ही म्हणाली, ‘अगं, हे तर तूपच!’ आणि बेकरीत केकवर काळ्या-निळ्या दाण्यांचा हा थर. ‘मोन’ म्हणतात त्याला. म्हणजे खसखस! ज्या खसखशीपायी आम्ही दुबईपर्यंत जीव मुठीत धरून गेलो, ती जर्मन माणूस कॉफीबरोबर खुशाल खात होता. त्या संध्याकाळी ओट्यावर डिंक तळला गेला आणि चौथ्या मजल्यावरचे ते घर आमच्या वर्ध्याच्या स्वयंपाकघरासारखे दरवळले. चार देशांतून नेलेला जिन्नस काय तो अर्धा किलो डिंक. बाकीचे लाडू जर्मन होते.

२९ एप्रिलला नात झाली. लेक घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी दारात एक उंच, हसऱ्या बाई उभ्या. सुईण. जर्मनीत बाळंतिणीच्या घरी सुईण येऊन आईला आणि बाळाला तपासून जाते आणि त्याचा खर्च आरोग्य विमा करतो. ही थोडी आखडून बसली होती. आपले काम आता दुसरीच कुणी करणार, असे तिला वाटले असावे. बाईंनी बाळाला पाहिले, वजन केले, हिने पायांना तेल लावले ते पाहून मान डोलावली आणि पिशवीतून चहाचे पाकीट काढून लेकीला दिले. दूध यायला चांगले, दिवसातून दोन-तीन कप. हिने पाकीट उघडून वास घेतला. बडीशेप, तिचीच एक बहीण आणि शहाजिऱ्यासारखे जिरे! आमच्या बाळंतशेपेची सख्खी नात्यातली. दोघींना एकमेकींच्या भाषेचा एक शब्द येत नव्हता. हिने डिंकाचा लाडू पुढे केला. बाईंनी तो खाल्ला, खिशातून कागद काढला आणि लेकीकरवी कृती लिहून घेतली. त्या दिवशी पहिल्यांदा हिच्या चेहऱ्यावरचे गेल्या वर्षीचे सावट थोडे निघालेले मला दिसले. सगळे निघाले, असे म्हणणार नाही. तसले ओझे एका प्रवासात उतरत नाही.

जूनमध्ये परतलो तेव्हा दोघांच्या बॅगा मिळून सव्वीस किलो होत्या. परत येताच मी दोन कामे केली. दोघांच्या पासपोर्टांची मुदत संपण्याची तारीख दिनदर्शिकेत नव्हे, स्वयंपाकघराच्या दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून लावली. आणि कबाडीवाल्याचा काटा, जो दोन दिवसांसाठी आणून मी तीन महिने घरात ठेवला होता, तो परत करायला गेलो. ‘झाला संसार मोजून?’ त्याने विचारले. भाडे म्हणून काही घेईना, तेव्हा त्याला फायलीतल्या साक्षांकित प्रती देऊन आलो. त्या भरल्या अडीच किलो.

सुईणबाईंनी निघताना हिलाही चहाचे एक पाकीट दिले होते. पाऊस सुरू झाला तशी एका संध्याकाळी हिने त्याचा चहा केला आणि शेजारच्या आजींना बोलावले. ‘जर्मनीचा चहा आहे, आजी. बघा तरी.’ आजींनी बशीत ओतून एक घोट घेतला, डोळे मिटले, पुन्हा एक घेतला आणि म्हणाल्या, ‘जर्मनी काहून म्हनता बाप्पा? हे तं आपली बडीसोप होय!’